स्वल्प ॲडजस्ट

रात्री साडेदहानंतर माझा फोन वाजला की बायको "कोणाचा?" असं विचारत नाही, "कुठली क्रेन?" असं विचारते. बेंगळुरूत दिवसभर रस्ते मोटारींनी तुंबलेले असतात. त्या आपापल्या घरी गेल्या की अवजड यंत्रं बाहेर पडतात. पुलाचे गर्डर, काँक्रीटचे तयार भाग, जनरेटर, काचेच्या इमारतींच्या गच्चीवर चढणारी एसीची धुडं, हे सगळं बहुतेक रात्रीच उचललं जातं. उचलताना काही अडलं की आमच्यासारख्यांना फोन येतो. माझ्या कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ असं छापलेलं आहे. खरं तर मी आयटीआय शिकलेला हायड्रॉलिकचा मिस्त्री आहे, आणि हे सांगताना मला कधी कमीपणा वाटला नाही.

२०२२च्या जानेवारीत असाच एक फोन आला. बाह्य वळण रस्त्यालगतच्या एका कामावरून, चाळीस टनी ट्रक क्रेनच्या ऑपरेटरचा. पोरगा रायचूरकडचा, वय पंचवीसेक. "अण्णा, बूम इळीतिदे," तो म्हणाला. बूम खाली उतरतोय. ‘अण्णा’ हा शब्द त्याच्या कन्नडात आणि माझ्या मराठीत एकाच नात्याचा आहे, त्यामुळे तो ऐकला की मला उगाच जवळचं वाटतं. रोज संध्याकाळी उतरतो, असं सांगून त्यानं मागे एक शब्द जोडला: "बेळिग्गेनू." सकाळीसुद्धा.

तो शेवटचा शब्द मी ऐकला आणि ऐकून सोडून दिला. आज हे लिहायला बसलोय ते त्या एका शब्दामुळे.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. रस्त्यावर दिसणाऱ्या या क्रेनचा लांबलचक बूम तेलाच्या खांबावर उभा असतो. बूमच्या पोटाखाली एक जाड सिलिंडर असतो, त्यात पंपानं तेल ढकललं की रॉड बाहेर येतो आणि बूम वर जातो. बंद जागेतल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगितलं. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं त्या नियमावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि १८४६ साली न्यूकॅसलच्या धक्क्यावर विल्यम आर्मस्ट्राँगनं पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. आता पाण्याच्या जागी तेल आलंय, एवढाच फरक. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाब असतो. क्रेनच्या तेलात दोनशेच्या वर.

एवढ्या दाबाच्या तेलाला शिस्त लावतात ते व्हॉल्व्ह. एक तेलाला वाट दाखवतो, एक दाब मर्यादेत ठेवतो, एक वेग ठरवतो. आणि एक असतो जो ऑपरेटरला सहसा दिसतही नाही: सिलिंडरच्या बुडाशीच घट्ट बसवलेला होल्डिंग व्हॉल्व्ह. वर चढणाऱ्या तेलाला तो आत जाऊ देतो, परतणाऱ्या तेलाला अडवतो. ऑपरेटरनं बूम खाली घ्यायचा लिव्हर ढकलला, तरच दुसऱ्या बाजूच्या तेलाचा दाब येऊन तो जरासा उघडतो. मध्येच एखादा होज फुटला तरी बूम जागच्या जागी राहावा, म्हणून तो तिथं आहे. त्याच्या आत एक छोटा पॉपेट एका गोल सीटवर टेकलेला असतो. त्या दोन धातूंच्या टेकण्यावर खाली उभ्या असलेल्या माणसांचा जीव असतो.

मी निपाणीचा. घरी मराठी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही भाषा. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करत जाणारा महामार्ग पुढं पीण्या औद्योगिक वसाहतीवरूनच बेंगळुरूत शिरतो. १९९६ साली मी त्याच रस्त्यानं रात्रीच्या बसनं आलो आणि पीण्यातच उतरलो. तेव्हा या शहराचं नाव संगणकासाठी गाजायला लागलं होतं. पण ते त्याआधीपासून यंत्रांचं शहर होतं. माती हलवणारी अवजड यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी, बीईएमएल, इथं १९६४ पासून आहे. आणि ज्या विप्रोला जग सॉफ्टवेअरसाठी ओळखतं, ती १९४५ साली आपल्या खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तूप करायला सुरू झाली होती. सत्तरच्या दशकात तिनं बेंगळुरूत हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला घेतले. पीण्यात हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, चला, या तेलात थोडं आपल्याकडचंही तेल आहे.

माझे उस्ताद कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या गावचे तमिळ गृहस्थ होते. मला नावानं कधीच हाक मारली नाही, "ए निपाणी!" एवढंच. १९९८ साली एका यार्डात जुन्या क्रेनचा बूम बसत होता. उस्ताद चहाला गेले होते. मला हुशारी दाखवायची होती. होल्डिंग व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, त्याला लॉकनट असतो. व्हॉल्व्ह ढिला पडलाय, थोडा आवळू, असा विचार करून मी लॉकनट सैल केला आणि ॲलन की लावून स्क्रू उजवीकडे फिरवला. दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो. माझा हात त्यालाच सरावलेला. या व्हॉल्व्हचं नेमकं उलटं होतं. उजवीकडे फिरवलं की स्प्रिंगचा जोर कमी होतो. म्हणजे आवळलं की सुटतं. काही बनावटींत असं मुद्दाम केलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बूम हातभर खाली आला. कोणी तरी ओरडलं. उस्तादांनी धावत येऊन माझ्या हातावर हात ठेवून की उलटी फिरवली तेव्हा तो थांबला. काही क्षणांपूर्वी बूमखालून आमचा हेल्पर चहाची किटली घेऊन गेला होता. उस्ताद चिडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "ए निपाणी, आधी नोंद, मग निदान, मग पाना. आणि गळणारा व्हॉल्व्ह ॲडजस्ट करून बरा होत नसतो. गळती म्हणजे आत काही तरी आहे, किंवा काही तरी झिजलंय. ते बघायचं."

बेंगळुरूत राहिलेल्या प्रत्येकाला एक वाक्य येतं, मग कन्नड येवो न येवो: "स्वल्प ॲडजस्ट माडि." जरा जुळवून घ्या. बसमध्ये तिसऱ्या माणसाला जागा हवी असते, घरमालकाला भाडं वाढवायचं असतं, दुकानदाराकडे सुटे नसतात, सगळीकडे हेच वाक्य. या वाक्यावर हे शहर चालतं, आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याला त्यानंच सामावून घेतलं. पण व्हॉल्व्हच्या स्क्रूपाशी ते वाक्य म्हणायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. कागदापाशीही म्हणायचं नाही, हे शिकायला आणखी चोवीस वर्षं लागली.

तर जानेवारीत मी त्या पोराच्या क्रेनवर गेलो. संध्याकाळचे साडेसहा. दिवसभर क्रेन चाललेली, टाकीला हात लावला तर चटका बसत होता. बूम वर करून, हुकाला काही न लावता, खालची जागा मोकळी करून इंजिन बंद केलं. सिलिंडरच्या रॉडवर मार्करनं रेघ मारली आणि घड्याळ लावलं. रॉड आत जात होता. पहिल्या दहा मिनिटांत बराच, पुढच्या दहात त्याहून कमी, त्यानंतरच्या दहात आणखी कमी.

माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर बरोबरही होतं. गरम तेल थंड झालं की आकसतं. तीन मीटर बाहेर असलेल्या सिलिंडरमधलं तेल पासष्ट अंशांवरून पस्तिसावर आलं तर रॉड सुमारे सहा सेंटिमीटर आत जातो, एकही थेंब न गळता. बूमच्या टोकाला ते कितीतरी पटीनं मोठं दिसतं. जानेवारीत बेंगळुरूची संध्याकाळ झपकन गार होते, त्यामुळे नवे ऑपरेटर घाबरतात. गळती असेल तर रॉड एकाच चालीनं जात राहतो. थंड होण्यामुळे असेल तर चाल मंदावत जाते आणि तेल हवेइतकं गार झालं की थांबते. इथं चाल मंदावत होती. मी त्या पोराला हे सगळं समजावून सांगितलं, जरा मास्तरासारखंच. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "पण अण्णा, सकाळी तर तेल गारच असतं ना?"

मी म्हणालो, सकाळी तू क्रेन सुरू करतोस, तेल तापतं, मग उतरत असेल. तो गप्प बसला. चाळीस मिनिटं झाली होती, मला पुढं हेब्बाळला जायचं होतं. रॉडची चाल मंदावली होती, पण थांबली नव्हती. मंदावलेलं आणि थांबलेलं यात फरक आहे. तो फरक बघायला आणखी दोन तास थांबावं लागलं असतं.

रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो. मी लिहिलं, तेल थंड झाल्यामुळे आकुंचन, यंत्रात दोष नाही. खाली नेहमीचं वाक्य टाकलं, ‘ऑपरेटर ॲडव्हाइज्ड.’ मी त्याला समजावलं, एवढाच माझा अर्थ. पण कार्यालयात त्याचा अर्थ आपल्याकडच्या ‘समज दिली’सारखा होतो.

मार्चमध्ये पुन्हा बोलावणं आलं, या वेळी सुपरवायझरचं. ट्रेलरवर काँक्रीटचा स्लॅब ठेवताना तो शेवटच्या क्षणी चार बोटं आपोआप खाली आला होता. खाली लाकडी ठोकळा सरकवणाऱ्या मजुरानं हात वेळेवर काढला म्हणून काही झालं नाही. मी गेलो तर ऑपरेटर दुसराच. पहिल्याचं विचारलं, तेव्हा सुपरवायझर सहज म्हणाला, "त्याला काढलं. फेब्रुवारीत एक दिवस सकाळी क्रेन बंद करून बसला, बूम बसतोय म्हणे, माणसांच्या वरून माल नेणार नाही. तुमचा रिपोर्ट होता ना, दोष नाही म्हणून. तीन दिवसांचा पगार कापला आणि घरी पाठवला."

मी काही बोललो नाही. त्या दिवशी काम केलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलो. तेल रात्रभर गार झालेलं. बूमच्या टोकाखाली लाकडी स्लीपरचा थर रचला आणि त्याच्यावर वीतभर अंतर ठेवून बूम थांबवला, म्हणजे सगळं सुटलं तरी तो वीतभरच पडेल. इंजिन बंद. रॉडवर रेघ. दहा मिनिटांनी रेघ सरकलेली, वीस मिनिटांनी तेवढीच आणखी, तीस मिनिटांनी तेवढीच आणखी. आकसायला उष्णता उरलेली नव्हती. पोरगा सांगत होता ते हेच.

आता तेल जातंय कुठं, एवढाच प्रश्न. वाटा दोन. सिलिंडरच्या आतल्या पिस्टनचं सील गेलं असेल तर तेल आतल्या आत एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. होल्डिंग व्हॉल्व्ह धरत नसेल तर ते परतीच्या नळीतून टाकीकडे जातं. बहुतेक जण आधी सिलिंडर उतरवतात, कारण सील बदलणं हे दिसणारं काम आहे, आणि त्याचं बिलही दिसतं. पण होल्डिंग व्हॉल्व्हच्या पलीकडची, मुख्य व्हॉल्व्हकडे जाणारी नळी हळूहळू सैल करून बघितली तर सिलिंडरला हात न लावता उत्तर मिळतं. व्हॉल्व्ह नीट धरत असेल तर त्या नळीत साचलेलं थोडं तेल येऊन थांबतं. इथं ते थांबलं नाही. सुतळीसारखी बारीक धार, खंड न पडता.

बूम पूर्ण खाली टेकवला, दाब काढून टाकला, व्हॉल्व्हचं कार्ट्रिज बाहेर काढलं. स्वच्छ कागदावर ठेवून भिंगातून बघितलं. पॉपेट आणि सीट यांच्यामध्ये एक पांढरा धागा होता. नखाच्या कडेइतका. टेफ्लॉन टेपचा.

ती टेप नळकाम करणारे वापरतात. हायड्रॉलिकच्या जोडात ती लावायची नाही, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो, कारण आटे आवळताना तिचे तुकडे सुटतात आणि तेलाबरोबर फिरतात. व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. तिथं असा धागा म्हणजे दारात अडकलेलं धोतर. कधी सरकतो, दार लागतं. कधी पुन्हा अडकतो. म्हणूनच दोष रोज सारखा दिसत नव्हता.

त्या नळीवर एक गेज बसवायचा जोड होता. तो जोड ऑक्टोबरमध्ये मी बसवला होता. खंडेनवमीचा आदला दिवस होता. इथं त्या दिवशी आयुधपूजा असते, क्रेन धुवून, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजतात. त्याआधी सगळ्या यंत्रांचा दाब तपासून द्यायचा होता. जे. सी. रोडवरून आणलेला जोड जरा झिरपत होता. योग्य जोड आणायला दुसरा दिवस लागला असता. हेल्परच्या पिशवीत टेप होती. मी दोन वेढे मारले. स्वल्प ॲडजस्ट.

कार्ट्रिज नवीन घातलं, नळ्या धुतल्या, जोड बदलला, तेल गाळून घेतलं. गार तेलावर दोन तास रेघ बघत बसलो. ती हलली नाही. मग रिपोर्ट लिहायला घेतला. तिथला मॅनेजर सज्जन माणूस होता. त्यानं माझा चेहरा बघून ओळखलं असावं. म्हणाला, "सर, ‘ऑइल कंटॅमिनेशन’ लिहा ना. खोटं तर नाही. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको."

खरंच खोटं नव्हतं. तेलात कचरा होता, त्यानं व्हॉल्व्ह अडला. जानेवारीतलं माझं वाक्यही खोटं नव्हतं. तेल थंड होऊन आकसतच होतं. दोन कारणं एकाच संध्याकाळी एकाच रॉडवर काम करत होती. मला एक सापडलं, ते खरं निघालं, आणि ते खरं आहे म्हणूनच मी पुढं शोधायचं थांबलो. साफ चुकलो असतो तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. अर्धं बरोबर असल्यामुळे दोन महिने गेले, आणि एका माणसाची नोकरी गेली.

मी लिहिलं: ऑक्टोबरमध्ये मी बसवलेल्या जोडावर टेप वापरली होती, तिचा तुकडा होल्डिंग व्हॉल्व्हमध्ये सापडला. जानेवारीतली तपासणी अपुरी होती. ऑपरेटरची तक्रार बरोबर होती. खाली सही केली. आमच्या कंपनीला खर्च सोसावा लागला, मला एक मेमो मिळाला. मॅनेजरनं त्या पोराचे कापलेले तीन दिवसांचे पैसे पाठवले. क्रेनवर मात्र त्याला परत घेतलं नाही. दुसरा आला होता, तोही कोणाचा तरी पोरगा.

तेव्हापासून फोनवर ऑपरेटर जे बोलेल ते मी त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घेतो, कन्नड असेल तर कन्नड, हिंदी असेल तर हिंदी. रात्रभर त्या यंत्राच्या पोटात बसणारा तो असतो; मी तासभर येऊन जाणारा. कारण सापडलं की त्याच्या वाक्यातला एकेक शब्द त्या कारणाला लावून बघतो. एखादा शब्द उरला तर काम संपलेलं नसतं.

त्याचा नंबर मिळवायला आठवडा गेला. गावाकडे तो जेसीबी चालवत होता. मी नाव सांगितलं तर आधी काही बोलेना. मग मी सगळं सांगितलं, धागा, टेप, खंडेनवमी, रिपोर्ट. माफ कर, असंही म्हणालो. पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता. त्यानं ते बंद केलं असावं, कारण मग शांत झालं.

"आता थांबतो का बूम, अण्णा?" त्यानं विचारलं.

"थांबतो."

"बेळिग्गेनू?"

"बेळिग्गेनू," मी म्हणालो.